कॅम्पवर पॉवर स्टेशन मध्यरात्रीच मान टाकतंय? आधी हे तपासा

घरून निघताना पॉवर स्टेशनच्या, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या डब्याच्या, पडद्यावर १०० टक्के. पवनेच्या काठावर तंबू ठोकून होईपर्यंत ९२. रात्री अकराला ४०, आणि पहाटे तीनला पंखा बंद, डबा गार. मग घरी आल्यावर निदान ठरलेलं: ‘बॅटरी गेली, मोठा घ्यायला हवा.’ बहुतेक वेळा बॅटरीला काहीही झालेलं नसतं. भलतंच बटण चालू राहिलेलं असतं, केबल चुकलेली असते, नाहीतर मुळात हिशेबच केलेला नसतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाकडे जातो. नवा डबा घेणं सगळ्यात शेवटी.

हे सगळं साधारण २०० ते १००० वॅट-अवरच्या लिथियम पॉवर स्टेशनबद्दल आहे. पॉवर बँक आणि गाडीचा फ्रीज ओघाने येतील. वॅट-अवर हा शब्द नवा वाटत असेल, तर वीजबिल आठवा. बिलातलं १ युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. तीन-चार किलोचा ३०० वॅट-अवरचा डबा म्हणजे युनिटचा तिसरा हिस्साही नाही. त्यावर घर चालवल्यासारखं वागलं की काय होणार ते उघड आहे.

लक्षणं

- काहीच लावलेलं नसताना सकाळपर्यंत ३०–४० टक्के उतरतात.
- दिव्यांची माळ किंवा इअरबड लावले की थोड्या वेळाने आपोआप बंद.
- फोन चार्ज व्हायला पाच-सहा तास लागतात.
- पडद्यावर २०–२५ टक्के दिसत असताना एकदम शून्य.
- मिक्सर किंवा हवा भरायचा पंप लावताक्षणी ओव्हरलोड.
- गाडीचा फ्रीज चालू-बंद-चालू करत राहतो, बॅटरी भरलेली असूनही.
- सोलर पॅनेल उन्हात आहे, आकडा मात्र १२ वॅट.
- घरी रात्रभर लावूनही पूर्ण चार्ज नाही.

१. एसीचं बटण (खर्च शून्य)

पहिला संशयित हाच. डब्याच्या पोटात इन्व्हर्टर असतो. बॅटरीच्या डीसीचं (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) घरच्या सॉकेटसारखं २३० व्होल्ट एसी करणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो स्वतःही वीज खातो. काही जोडलेलं असो वा नसो, एसीचं बटण चालू आहे तोवर ५ ते २० वॅट जातच राहतात. मधला आकडा १० वॅट धरा. रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत १२ तास, म्हणजे १२० वॅट-अवर. ३०० च्या डब्यातले ४० टक्के नुसत्या जागरणात गेले.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ९ वॅटचा एलईडी बल्ब होल्डरला लावून एसीवर सहा तास चालवला. बल्बने खाल्ले ५४ वॅट-अवर, इन्व्हर्टरने ६०. दिव्यापेक्षा दिवा लावणाऱ्याचाच खर्च जास्त. तंबूपुरता उजेड देणारा ५ वॅटचा यूएसबी कंदील तेवढाच वेळ चालवला, तर ३० मध्ये काम होतं.

म्हणून नियम एवढाच: फोन, कंदील, छोटा पंखा, कॅमेऱ्याची बॅटरी, आणि यूएसबी-सीवर चालणारा लॅपटॉपसुद्धा डीसी किंवा यूएसबीवरच. फोनचा चार्जर एसीच्या पिनेत खोचू नका. डीसीचं एसी आणि एसीचं पुन्हा डीसी, असा दोनदा हात मारून वीज वाया जाते. एसी लागलाच तर काम झाल्याबरोबर बटण बंद.

तुमचा डबा नेमकं किती खातो हे घरी काढता येतं. पूर्ण चार्ज करा, एसी चालू ठेवा, काही जोडू नका, आपोआप बंद होण्याची सोय तेवढ्यापुरती काढून टाका आणि पाच तासांनी टक्के बघा. ३०० वॅट-अवरच्या डब्यात १८ टक्के गेले असतील तर ५४ भागिले ५, म्हणजे साधारण ११ वॅट. हे चालण्यासारखं आहे. यूएसबी आणि एसी दोन्ही बंद असताना असंच उतरत असेल तर मात्र आतलं सर्किट गळतंय, तो दुकानाचा विषय.

२. आपोआप बंद होण्याची सेटिंग (खर्च शून्य)

वरच्याच्या अगदी उलट तक्रार. डबा शिल्लक, पण दिवे गेले. पॉवर बँकेला बाहेर जाणारा करंट अगदी कमी दिसला की ‘फोन भरला’ असं समजून ती झोपते. ही मर्यादा बहुधा ५० ते १०० मिलीअँपिअरच्या आसपास असते, आणि दिव्यांची छोटी माळ, घड्याळ, इअरबड त्याखालीच असतात. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा किंवा दाबून धरलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. तो नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन जोडून ठेवा, बँक जागी राहते.

पॉवर स्टेशनमध्ये हेच काम ‘इको’ मोड करतो: लोड ठरावीक वॅटच्या खाली गेला की काही वेळाने एसी बंद. ॲपमध्ये वेळ बदलता येते. श्वासासाठी सीपॅप मशीन वापरणारं कुणी सोबत असेल तर ही सेटिंग निघण्यापूर्वीच बघा, आणि घरी एक पूर्ण रात्र डब्यावर काढून बघा. ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी बंद असली तर सीपॅपचा खर्च साधारण ३० ते ६० वॅटमध्ये राहतो, चालू केली की तो बराच वाढतो. पण ती बंद ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारून. शक्यतो कंपनीचा डीसी ॲडॅप्टर वापरा म्हणजे इन्व्हर्टर लागतच नाही.

३. घरी खरंच भरला होता का? (खर्च शून्य)

हसू येईल, पण बोर्डावरचं बटण बंद असणं आणि रात्री लाइट जाणं ही दोन्ही खरी कारणं आहेत. तिसरं कारण ॲपमधली चार्जची मर्यादा. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून बरेच जण ८० टक्क्यांची मर्यादा लावतात आणि विसरतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ती १०० करा, परत आल्यावर पुन्हा खाली आणा.

जलद चार्जिंगचे मोठे डबे भिंतीतून ८००–१००० वॅट ओढतात. सैल पडलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा स्वस्त ॲडॅप्टरमध्ये पिन तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि चार्ज अधूनमधून तुटतो. पिनेला हात लावून चटका बसत असेल तर १६ अँपिअरचं सॉकेट वापरा किंवा ॲपमधून चार्जिंगचा वेग कमी करा.

४. केबल (दोन-तीनशे रुपये)

फोन चार्ज व्हायला रात्र लागते, तेव्हा डबा निर्दोष असतो आणि केबल गुन्हेगार. यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) या जलद चार्जिंगच्या पद्धतीत फोन आणि डबा आपसात बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. बोलणं जमलं नाही की दोघेही ५ व्होल्टवर येतात. शिवाय साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट जातात. लॅपटॉपला १०० वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबलच लागते.

ज्या फोनांचं अतिजलद चार्जिंग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं आहे, ते दुसऱ्याच्या डब्यावर हळूच चार्ज होणार. त्यात बिघाड काही नाही, संध्याकाळी लवकर लावा.

तीन-चारशे रुपयांचा यूएसबी टेस्टर पोर्ट आणि केबलच्या मध्ये बसतो आणि व्होल्ट, अँपिअर, वॅट दाखवतो. एकच फोन, एकच पोर्ट, घरातल्या सगळ्या केबली एकामागून एक लावून बघा. ४ वॅट दाखवणारी केबल सापडली की ती ट्रिपच्या पिशवीत पुन्हा जाणार नाही अशी व्यवस्था करा.

५. वॅट बरोबर, तरी ओव्हरलोड

मोटर असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर लेबलवरच्या आकड्याच्या काही पट करंट ओढते. ५०० वॅटचा मिक्सर ६०० वॅटच्या डब्यावर म्हणूनच उडतो. डब्यावर दोन आकडे असतात, सतत आणि क्षणिक. मोटरसाठी दोन्ही बघावे लागतात. काही डब्यांत ‘बूस्ट’ नावाची सोय असते. ती व्होल्टेज उतरवून मोठा लोड ओढते. तापणाऱ्या वस्तूंना ते चालतं, मोटरला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना नको.

टायरमध्ये हवा भरायचा पंप हा वेगळा प्रकार. तो १२ व्होल्टवर चालतो, पण डब्याचं ‘कार सॉकेट’ बहुधा १० अँपिअरपर्यंतच असतं आणि पंप त्याहून जास्त मागतो. पंप गाडीलाच लावा, इंजिन चालू ठेवून.

किटलीबद्दल दरवेळी विचारलं जातं. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ८७ वॅट-अवर लागतातच, तिथे निसर्गाशी घासाघीस चालत नाही. वरची गळती धरून १००. म्हणजे सहा कप चहात लहान डब्याचा तिसरा हिस्सा संपला, आणि १५०० वॅटची किटली मुळात त्यावर चालणारच नाही. चहा गॅसच्या छोट्या शेगडीवर करा. इंडक्शन, पाण्याचा रॉड, हेअर ड्रायर हे सगळं घरी.

६. गाडीचा फ्रीज चालू-बंद करतो

आधी बघा, तो नक्की फ्रीज आहे का. थर्मोइलेक्ट्रिक कूलरला कॉम्प्रेसर नसतो. तो ५० वॅटच्या आसपास जवळजवळ अखंड खातो आणि बाहेरच्या हवेपेक्षा १५–२० अंशच खाली जातो. मेमध्ये ३८ अंश असताना आतलं दूध २० अंशांवर, आणि दिवसाचा खर्च १२०० वॅट-अवर. याला उपाय नाही. बर्फाची पेटी याहून बरी.

कॉम्प्रेसरचा फ्रीज चालताना ४५–६० वॅट घेतो, पण थांबत थांबत. दिवसाला ३०० ते ५०० वॅट-अवर धरा, झाकण किती वेळा उघडता त्यावर खालीवर. तो चालू-बंद करत असेल तर दोन गोष्टी बघायच्या.

एक, बॅटरी संरक्षणाची सेटिंग. या फ्रीजमध्ये एच, एम, एल असे तीन टप्पे असतात. ‘एच’ गाडीच्या बॅटरीसाठी, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरलं की फ्रीज बंद, सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून. पॉवर स्टेशनवर ‘एल’ ठेवा, डबा स्वतःची काळजी घेतो. परत गाडीला लावताना मात्र आठवणीने ‘एच’.

दोन, वायर. डबा तंबूत आणि फ्रीज दहा मीटरवर झाडाखाली, मध्ये लाउडस्पीकरची बारीक वायर. १२ व्होल्टवर ही चूक महागात पडते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन २० मीटरचा रोध अर्धा ओहम. ५ अँपिअर वाहिले की अडीच व्होल्ट वायरीतच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रीजपाशी उरतात जेमतेम साडेनऊ, तो ‘बॅटरी संपली’ समजून थांबतो. थांबला की करंट शून्य, व्होल्टेज पुन्हा पूर्ण, आणि तो परत सुरू. रात्रभर हाच खेळ. डबा फ्रीजच्या शेजारी न्या, दोन मीटरच्या आतली मूळ वायर वापरा. लांब न्यायचीच असेल तर ४ चौरस मिलिमीटरची.

७. सोलर पॅनेल भरत नाही

१०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दुपारी ६० ते ७५ वॅट देतं. तेवढं मिळत असेल तर ते उत्तम चाललंय. लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाच्या प्रयोगशाळेतला असतो, आणि आपल्याकडे उन्हातलं पॅनेल ६० अंशांना पोचतं.

१० ते १५ वॅटच दिसत असेल तर आधी सावली शोधा. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातल्या एकावर सावली पडली की त्या अख्ख्या रांगेचं पाणी तुटतं. तंबूची एक दोरी, करवंदीची एक फांदी किंवा वाळत घातलेल्या टॉवेलचा कोपरा तिसरा हिस्सा, कधी अर्धी वीज घालवतो. ‘थोडीशीच सावली आहे’ हे वाक्य पॅनेलला कळत नाही.

मग कोन. पॅनेलला काटकोनात एक पेन्सिल टेकवा आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवा. इतकंच. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, पॅनेल दुपारी जवळजवळ जमिनीवर सपाट. डिसेंबरच्या शेवटी सूर्य भरदुपारीही ४८ अंशांवरच असतो, तेव्हा दक्षिणेकडे तोंड करून ४० अंशांच्या आसपास उभं करावं लागतं. दर दोन तासांनी फिरवा. सह्याद्रीच्या पोटातल्या कॅम्पवर एक अडचण जास्तीची: हिवाळ्यात डोंगराआड सूर्य साडेचार-पाचलाच जातो. संध्याकाळच्या उन्हाचा हिशेब धरू नका. पावसाळ्यात तर पॅनेल घरी ठेवलेलं बरं. ढगात दहा-वीस टक्के मिळाले तर मिळाले.

डबा स्वतः उन्हात ठेवू नका. ४५ अंशांपुढे लिथियम बॅटरीचं चार्जिंग थांबवलं जातं, आणि पडद्यावर शून्य वॅट दिसतं. पॅनेल बिघडलं असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. तो पॅनेलच्याच मागे, त्याच्या सावलीत ठेवा. मेमध्ये काचा लावलेल्या गाडीत तर कधीच नको.

इथे एक गोष्ट ठळक: दोन पॅनेल जोडताना आधी डब्याच्या इनपुटवर लिहिलेलं कमाल व्होल्टेज वाचा. लहान डब्यांत ते बऱ्याचदा २८ व्होल्टच्या आसपास असतं. १०० वॅटच्या पॅनेलचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज २२–२४ असतं. दोन पॅनेल एकापुढे एक जोडली की ४५ च्या वर. आतला चार्ज कंट्रोलर जळतो, आणि ही दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. लहान डब्याला जोडायचीच तर वाय कनेक्टरने समांतर.

८. गाडीतून चार्ज होत नाही

बऱ्याच गाड्यांत चावी काढली की १२ व्होल्टचं सॉकेट बंद होतं. ते मुद्दामच. इंजिन चालू असताना त्यातून १०० वॅटच्या आसपास मिळतात. पुण्याहून भंडारदऱ्यापर्यंतच्या चार तासांच्या वाटेत ३०० चा डबा भरून होतो, हा सगळ्यात दुर्लक्षित चार्जर आहे. आकडा नाचत असेल तर प्लग सैल आहे, फिरवून घट्ट बसवा. सॉकेट मेलंच असेल तर फ्यूज बघा. १० किंवा १५ अँपिअरचा, जो होता तोच बसवायचा. मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायरला फ्यूज बनवणं.

९. टक्के खोटं बोलतात

२५ वरून थेट शून्य. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असो की अर्धी, जवळपास सारखंच राहतं. त्यामुळे टक्के मोजणारं सर्किट आत-बाहेर गेलेल्या करंटची वजाबाकी करून अंदाज बांधतं. महिनोन् महिने अर्धवट चार्ज करत राहिलं की अंदाज भरकटतो. उपाय: पूर्ण १०० पर्यंत भरा आणि दोन तास चार्जरवरच राहू द्या. मग स्वतःहून बंद होईपर्यंत वापरा आणि लगेच पुन्हा पूर्ण भरा. लगेच, कारण रिकामा ठेवलेला लिथियम डबा हळूहळू आणखी खाली जातो आणि मग चार्जच घेत नाही. एरवी कपाटात ठेवताना ५०–६० टक्के, आणि दर तीन महिन्यांनी एकदा बघायचं.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही, चांगला डबा स्वतःच नकार देतो. थंडीत चार आण्यांनी क्षमता कमी भासते, ऊब मिळाली की परत येते. पॉवर बँक आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

१०. खरी क्षमता मोजणं (हजारेक रुपयांचं वॅटमीटर)

इतकं करूनही शंका राहिली तर आता बॅटरीवर या. सॉकेटमध्ये बसणारं वॅटमीटर आणि जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. पिवळाच, कारण त्याचा लोड स्थिर असतो. डबा पूर्ण भरा, एसीवर मीटर, मीटरवर बल्ब, आणि बंद होईपर्यंत जळू द्या. ३०० वॅट-अवरचा धडधाकट डबा साधारण अडीच तास टिकतो आणि मीटर २४० ते २५५ दाखवतं. उरलेले १५–२० टक्के इन्व्हर्टरची दलाली, ती प्रत्येक डब्यात असते. १८० च्या खाली येत असेल तर सेल थकलेत.

५ वॅटचा लोड लावून ही चाचणी करू नका. लोड इतका लहान असला की इन्व्हर्टर स्वतःच जास्त खातो आणि चांगली बॅटरीसुद्धा नापास होते.

पॉवर बँकेचा हिशेब वेगळा. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॅट-अवर. बाहेर ५ व्होल्टवर मिळतात ६० ते ६५, म्हणजे साडेबारा हजार एमएएचच्या आसपास. ५००० एमएएचचे फोन तीनदाही पुरते भरत नाहीत, आणि यात फसवणूक काही नाही. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड’ क्षमता छापलेली असते, ती वाचा.

इथे हात आखडा

खालीलपैकी काहीही दिसलं तर तपासणी थांबवा, चार्जर काढा आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला फोन करा:

- डबा किंवा पॉवर बँक फुगली आहे, झाकणाची फट उघडली आहे.
- थिनर किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास.
- काही जोडलेलं नसताना गरम.
- पाणी आत गेलं आहे. वाळल्यासारखा दिसला तरी चालू करू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही.
- गार करून, सगळं काढून, पुन्हा चालू केल्यावरही तोच एरर कोड.
- एसीवरच्या वस्तूला हात लावला की झिणझिण्या.

स्वतः स्क्रू उघडू नका. बंद डब्यातही इन्व्हर्टरचे कपॅसिटर ३५०–४०० व्होल्ट धरून असू शकतात. आणि गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी ‘दोन सेल बदलून देतो’ याला हो म्हणू नका. जुन्या सेलच्या गठ्ठ्यात नवे सेल घातले की समतोल बिघडतो आणि चार्जिंगला लावलेलं असताना एखादा सेल पेटू शकतो. फुगलेली वस्तू कुरिअरने पाठवू नका. फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब, बाहेर ठेवा आणि केंद्र काय सांगतं ते करा. धूर किंवा फुसफुस सुरू झाली की सामान सोडून लांब व्हा. तो धूर विषारी असतो. घंटागाडीत टाकणं तर अजिबात नको, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून २३० व्होल्टची वस्तू हाताळणं हेही यातच धरा. डब्याच्या तिसऱ्या पिनेला बाहेर कॅम्पवर खरं अर्थिंग मिळालेलं नसतं.

आता हिशेब, आणि मगच खरेदी

वरचं सगळं ठीक असेल तर आकार चुकलाय. चौघांचं कुटुंब, भंडारदऱ्याला दोन रात्री, असा हिशेब मांडू. फोन ४, प्रत्येकी २२ वॅट-अवर, दोनदा: १७६. ५ वॅटचे दोन कंदील रोज ५ तास: १००. ४ वॅटचे दोन यूएसबी पंखे रोज ८ तास: १२८. कॅमेरा ३०. एकूण ४३४. डीसीवरची गळती धरून ४८०, वर वीस टक्के हातचे, म्हणजे ५८०. सहाशेचा डबा पुरे, आणि एसीला हात लावायची गरज नाही. यूएसबी पंख्यांऐवजी घरचा ५० वॅटचा टेबल फॅन नेलात, तर नुसत्या पंख्याचे ८००.

तरी सहाशेचा एकच घेण्यापेक्षा ३०० चा एक, दोन पॉवर बँका आणि येता-जाता गाडीतलं चार्जिंग, ही जोडी बरी पडते. एक रुसला तरी अंधार होत नाही. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तर दिव्यांची माळ काढूच नका. तिथे अंधारच बघायला गेलेलो असतो. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी पाठीवर न्यायचं असेल तर डब्याचा विचार सोडा, ४०० ग्रॅमची पॉवर बँक आणि हेडलॅम्प पुरे.

पेट्रोल जनरेटर चारचौघांच्या कॅम्पला नको. आवाज तर आहेच, पण तंबूत किंवा ओसरीत चालवलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

निवडताना एलएफपी सेलचा घ्या. वजन थोडं जास्त, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज सोसतो, दुसरे बहुधा पाचशे ते आठशे. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा हवा, नाहीतर पंखा गुणगुणतो आणि तापतो. पॉवर बँकेवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दुकानातच बघता येतो. अमेरिकेतून कुणी आणून देतो म्हणालं तर दोन अडचणी सांगा: तिथला डबा ११०–१२० व्होल्टचा, आणि १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानातून आणता येत नाही. १०० पर्यंतची पॉवर बँक चालते, तीही हातातल्या बॅगेतच.

नवा डबा घरी आला की परत करायची मुदत असतानाच पिवळ्या बल्बची चाचणी करून मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार आली की तुलना त्याच्याशी करायची.